घरच्या माणसाचा नंबर

हृदयाची शस्त्रक्रिया होऊन मी दुर्गजवळच्या मरोद्याच्या घरी परतले, तेव्हा देवाशी बोलणे जवळजवळ सोडूनच दिले होते. यजमान जाऊन सहा वर्षे झालेली. मुलगा पंधरा दिवस राहून पुण्याला परत गेला आणि घर फार मोठे वाटू लागले. गजानन महाराजांच्या तसबिरीपुढे दिवा लावायचे, पण मनात एकच असे: मला मागे ठेवले ते कोणासाठी?

दवाखान्यातून रोज सकाळी मोबाइलवर मेसेज येई. आज दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चाला, धाप लागली तर बसा. चाललात तर एक लिहा, नाही तर दोन. मी घराबाहेर पाऊलही न टाकता एक लिहून पाठवत असे. रस्त्यात पडले तर कोण उचलेल, ही भीती. मग त्या खोट्याची लाज वाटू लागली आणि उत्तर देणेच मी बंद केले.

त्या रिकाम्या दिवसांत धाकट्या बहिणीची फार आठवण येई. ती दुर्गला पद्मनाभपुरात राहते, अर्ध्या तासाच्या वाटेवर. पण आईच्या तेरवीला मी सगळ्यांसमोर तिला म्हटले होते, "आई गेली तेव्हा तू कुठं होती?" ती तशीच उठून निघून गेली, त्याला नऊ वर्षे झाली. माझ्या आजारपणाचे तिला कळवू नकोस, असे मीच मुलाला बजावले होते. तरी दुपारी पडल्या पडल्या तिचाच आवाज कानात येई. फोन हातात घ्यायचा आणि ठेवून द्यायचा.

उत्तर देणे बंद केल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी दार वाजले. दारात ती उभी. केस पांढरे झालेले. तिने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. हिंदीत मेसेज होता: आपल्या रुग्णाने तीन दिवस उत्तर दिलेले नाही, कृपया विचारपूस करावी. खाली माझे नाव.

"तुह्यं ऑपरेशन झालं, ताई, अन् मले दवाखान्याच्या मेसेजनं कळून राहिलं," ती म्हणाली.

मी मुलाला फोन केला. नंबर त्याने दिला नव्हता. भरती होताना नर्सने मलाच घरच्या माणसाचा नंबर विचारला होता, असे तो म्हणाला. त्या कळांमध्ये मी काय सांगितले, ते मला आजही आठवत नाही.

"माहं चुकलं," एवढेच मी बहिणीला म्हणू शकले.

"राहू दे. चप्पल घाल. दहा मिनिटं चालाचं लिहून आहे ना."

तिच्या खांद्याला धरून मी निघाले. दोनदा थांबले. तिसऱ्यांदा किराणा दुकानाच्या ओट्यावर बसलो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "आईच्या वेळेस मी नागपूरहून निघालीच होती. राजनांदगावले गाडी अडकून गेली. तू ऐकलं असतं तं तेव्हाच सांगितलं असतं."

मी तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

ती नऊ वर्षे परत मिळणार नाहीत, त्याची रुखरुख जात नाही. शुद्धीत असताना, हट्ट शाबूत असताना, जो नंबर मला लावता आला नाही, तो अंगात काही बळ उरले नाही तेव्हा तोंडून गेला. कोणी वदवला, हे मी विचारत नाही. जे आपल्या हातून सुटते ते कोणीतरी झेलते, एवढे मानून महाराजांपुढे डोके टेकते.

बहीण अजूनही सकाळी चालायला येते. तिला उशीर झाला की माझे डोळे रस्त्याला लागतात, आणि ती वळणावर दिसेपर्यंत महाराजांचे नाव आपोआप तोंडात येत राहते.