माती न धुता दिलेला नेचा

केआलाने सॉसेज परतायला टाकलं, शिळा भात मोकळा करायला घेतला, तोच दार वाजलं. त्या खोऱ्यात दार कुणी वाजवत नाही, "आँटी, आहेस का गं?" म्हणत थेट चुलीपाशी येतात. दार वाजलं म्हणजे कामाचं बोलणं.

बाहेर नोए होती. याच खोऱ्यात वाढलेली, आता आगमुंग्यांचा अभ्यास करणारी. मध्यंतरी तिने पीनट बटर लावलेल्या चॉपस्टिक्स केआलाच्या आणि ओढ्यापलीकडच्या हानालेच्या बागेत खोचल्या होत्या. चिकटलेल्या मुंग्या कुठून आल्या ते शोधायला तपासणीला गेल्या आणि तेव्हापासून केआला निकालाची वाट बघत होती.

हानालेची बायको गेली, तेव्हा रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून केआलाने नेच्याचं रोप नेलं होतं. दुसऱ्या बेटावर, हिलोला राहणाऱ्या बहिणीकडून, वाटेतल्या तपासणीला न दाखवता, पिशवीत दडवून आणलेलं. अर्धं स्वतःला ठेवलं, अर्धं त्याला दिलं. बहिणीने बजावलं होतं, "आमच्याकडे मुंग्यांनी उच्छाद मांडलाय, मुळं धुऊनच लाव." पण बहिणीकडची ती बाग आईने राखलेली; तिथली माती नळाखाली सोडून द्यायचं तिच्या जिवावर आलं. पानं तेवढी धुतली. धुताना मनगटाला चटका बसला, तेव्हाही काटा लागला असेल म्हणून मनाची समजूत घातली.

आता हानाले केळीखाली उभा राहिला की तिळाहून बारीक, केशरी मुंग्या त्याच्या मानेवर गळत. त्या चावून चावून त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता.

"काय निघालं?" केआलाने गॅस बंद केला.

"आधी खायला दे, उपाशीपोटी मुंग्या नकोत." नोएने ताट ओढलं. "काही नाही निघालं. हिलोच्या, तुझ्या, हानालेकाकांच्या, सगळ्या एका छापाच्या. राणीच्या पोटची राणी म्हणजे तिचीच नक्कल, नर तो बापाची. माणसांसारखं नाक बघून 'हा अमक्यांच्या घरचा' म्हणायची सोय नाही. कुणी आणल्या, ते मुंग्यांवरून कधीच कळायचं नाही."

"कधीच?"

"कधीच. सुटलीस! खोऱ्यातली निम्मी झाडं तुझ्या हातची, मला पहिला संशय तुझाच होता."

केआलाला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

"काका मात्र जागा सोडून लेकीकडे जायचं म्हणतायत," नोए म्हणाली. "झाडाझाडावर औषध फवारत राहायला हवं. एकट्याला कुठं झेपतंय?"

केआला तशीच ओढा ओलांडून गेली. हानाले पायरीवर बसून कुत्र्याचे डोळे पुसत होता.

"आज हात हलवत? सूर्य कुठे उगवला म्हणायचा?"

"भरल्या हाताने आले होते, तेच तुला भोवलं. मुंग्या त्या नेच्यातून आल्या, हानाले. हिलोला आहेत हे ठाऊक असून मी माती धुतली नाही."

"नोए तर म्हणाली, कळत नाही."

"मुंग्यांवरून नाही कळत. मला कळतं."

त्याचा हात थांबला. "तो नेचा मी तिच्या थडग्याशी लावलाय," तो एवढंच म्हणाला. तिला 'बैस' म्हणाला नाही. फडकं पिळून परत कुत्र्याकडे वळला.

केआला उभीच राहिली.

"माफ कर म्हणत नाही," ती म्हणाली. "तुझ्या झाडांवर औषध फवारायला मला येऊ दे."