साळवेबाईंचा हौद

त्या आठवड्यात मी दिवसातून कितीतरी वेळा प्रार्थना करत होतो आणि एकदाही मन शांत होत नव्हतं. गुडघे टेकायचो, डोळे मिटायचो आणि देवाशी बोलण्याऐवजी त्याला कामं सांगत सुटायचो. टँकर वेळेवर येऊ दे. टाकी गळू देऊ नकोस. सुमतीमावशींना ताप येऊ देऊ नकोस. रविवारी चर्चच्या मंडळीत बोलायचंय, काहीतरी सुचू दे. आमेन म्हणून उठलो की छातीतली धडधड होती तशीच. हे शब्द खोलीच्या छताच्या वर तरी जातात का, असं वाटायचं. कॉलेज मध्येच थांबवून, घर सोडून देवाच्या कामाला आलेल्या मुलाच्या मनात असलं काही येऊ नये. पण येत होतं.

मी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी म्हणून तेव्हा छत्रपती संभाजीनगरात होतो. मूळचा सोलापूरकडचा. आमच्यात मिशनरी कायम जोडीनं राहतात. माझा जोडीदार रत्नम विजयवाड्याकडचा होता, मराठी समजायची पण बोलायचा हिंदी. पांढरा शर्ट, टाय, खिशावर नावाची काळी पट्टी असा आमचा वेश. त्यामुळे क्रांती चौकात शेअर रिक्षाला थांबलो की कुठल्या कंपनीचे, असं लोक हमखास विचारायचे. आम्ही कुणाची दारं ठोठावत नाही. ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडेच जातो. तरी दिवस पुरत नाही. त्या आठवड्यातही कपडे धुणं, घरच्यांना फोन, संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग, मंडळीतल्या एका कुटुंबाचं सामान दुसऱ्या घरी हलवणं, एका आजारी काकांना भेटणं, सगळं होतंच. पण डोक्यात फिरत होता फक्त शनिवार.

शनिवारी सुमतीमावशींचा बाप्तिस्मा होता. मावशी शहराच्या छावणी भागात वाढलेल्या, जन्मानं ख्रिस्तीच, आयुष्यभर दवाखान्यात नर्सची नोकरी केलेल्या. भाचीबरोबर त्या आमच्या सभेला यायला लागल्या आणि काही महिन्यांनी स्वतःहूनच म्हणाल्या, मला तुमच्या पद्धतीनं बाप्तिस्मा घ्यायचाय. आमच्या पद्धतीत डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही. माणूस पूर्ण पाण्याखाली जावा लागतो, केसाचं टोकही वर राहता कामा नये. त्याच सुमारास मावशींच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन हैदराबादला, मुलीच्या गावी ठरलं होतं आणि रविवारी संध्याकाळी त्यांना गाडीत बसायचं होतं. ऑपरेशननंतर टाके, जखम. पुढे कित्येक महिने पाण्यात उतरणं शक्य नव्हतं. आणि डॉक्टरांनी पुढचं काही छातीठोकपणे सांगितलं नव्हतं. मावशी हे सगळं दुसऱ्या कुणा पेशंटबद्दल सांगावं तसं शांतपणे सांगायच्या. रात्रीची झोप उडाली होती ती माझी.

आमची सभा हर्सूलच्या रस्त्याला, एका वसाहतीतल्या घराच्या तळमजल्यावर भरायची. बाप्तिस्म्यासाठी पाइपच्या सांगाड्यावर ताणायची जाड कापडाची टाकी होती, माणूस उताणा बुडेल एवढी. ती भरायला जवळजवळ अख्खा टँकर लागतो. या शहरात राहिलेल्याला पुढचं सांगायला नको. आमच्या वसाहतीत नळ आठवड्यानं यायचा. पाणी आलं की लोक कामाला दांड्या मारायचे, ड्रम, पिंप, कळश्या, हाताला येईल ते भरून ठेवायचे. आम्ही टँकरवाल्याला शुक्रवारचं सांगून ठेवलं होतं आणि त्यानं व्हय व्हय म्हटलं होतं.

बुधवारी आम्ही टाकी अंगणात उभी करून कुठं गळते का ते बघत होतो. शेजारच्या साळवेबाई फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. आवाज अजून वर्गात असल्यासारखा. त्यांच्या दिवाणखान्यात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, ती आमच्या खिडकीतून दिसायची. आत्तापर्यंत त्यांच्याशी आमचं नमस्कारापलीकडे काही झालं नव्हतं. त्यांनी विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. त्यांनी टाकीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“एका माणसाला बुडवायला एवढं पाणी?” त्या म्हणाल्या. “इथं बाया तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला घालतात. तुम्हाला काय वाटतंय का नाय?”

टँकर आमच्या पैशाचा आहे, असं काहीतरी पुटपुटलो आणि बोलता बोलताच ते किती पोकळ आहे ते कळलं. त्या निघून गेल्या. त्यांचं बोलणं खरं होतं आणि मावशींची निकडही खरी होती. दोन्ही खरं असताना कुणाचं ऐकायचं, हे मला उमगेना. पुढचे दोन दिवस मी त्यांची नजर चुकवत फाटकातून ये-जा केली.

शुक्रवारी दुपारी शहराला पाणी आणणारी मोठी लाइन फुटली. बातमी फोनवर आली तेव्हा आम्ही सामान हलवायच्या कामात होतो. टँकरवाल्याला फोन लावला. आधी उचलला नाही, मग उचलला आणि सरळ सांगितलं की आता सगळे टँकर दवाखान्यांकडे चाललेत, दोन-तीन दिवस नाव काढू नका. त्याचं चुकलं असं म्हणणार तरी कसं? आणखी तिघांना विचारलं. एकानं संध्याकाळी बघतो म्हटलं, म्हणून आम्ही अंधार पडेपर्यंत फाटकात उभे राहिलो. रस्त्यावर कुठलंही जड वाहन वळलं की मी पुढं होऊन बघायचो. कुणी आलं नाही.

मधल्या वेळात रत्नमला हर्सूलचा तलाव सुचला होता. उघड्यावर, नदीत-तळ्यात बाप्तिस्मा झालेले त्यानं पाहिले होते. आम्ही जाऊनही आलो. पाणी पार आत सरकलेलं, काठाला पाय रुतेल असा चिखल, त्यात निर्माल्य आणि पिशव्या. रखवालदारानं आत उतरायची परवानगी नाही म्हणून लांबूनच हात हलवला. त्यानं दिली असती तरी पोटाच्या ऑपरेशनला निघालेल्या बाईला त्या पाण्यात उतरवायची माझी छाती नव्हती. परतताना मी मनातल्या मनात देवाशी भांडत होतो. तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं? मग एवढंसं का होत नाही?

शनिवारी सकाळी आम्ही छावणीत मावशींच्या घरी गेलो, जमणार नाही असं सांगायला. त्यांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. खुर्चीवर बाप्तिस्म्याचा पांढरा झगा इस्त्री करून घडी घातलेला. मी कसंबसं सांगितलं. मावशींनी आम्हाला आधी पाणी दिलं, मग चहा टाकला आणि समोर येऊन बसल्या.

“बेटा, पाणी नाय मिळालं म्हणून देव मला ओळखायचं सोडतो का?” त्या म्हणाल्या. “तू तुझ्याकडून केलंस. आता त्याला काय करायचं ते करू दे. तू जरा गप बस.”

त्यांच्या घरातच आम्ही तिघांनी गुडघे टेकले. मावशींनी मला प्रार्थना करायला सांगितली. मी तोंड उघडलं आणि मागण्याची सगळी यादी कुठंतरी विरून गेली. मी एवढंच म्हणालो, बापा, मला काही जमत नाही, तुला हवं तसं होऊ दे. त्या आठवड्यात पहिल्यांदा आमेन म्हटल्यावर छाती हलकी झाली. पाणी येईल असं मुळीच वाटलं नव्हतं. येणार नाही हे धरूनच मी निवांत झालो होतो.

परत आलो तर साळवेबाई फाटकापाशी उभ्या. खांद्यावर हिरव्या पाइपचं वेटोळं. मला वाटलं आता उरलंसुरलं ऐकावं लागणार.

“टँकर आला नाय ना?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. “हौदात पाणी आहे माझ्या. एकटीला किती लागतं? हे टोक धरा, मी मोटार लावते.”

लाइन फुटलेली, पाणी कधी येईल ते कुणाला माहीत नाही, आणि बाई हौद रिकामा करायला निघालेल्या. मी म्हणालो, बाई, एवढं पाणी कशाला असं तुम्हीच बुधवारी म्हणाला होतात. त्या पाइप सोडवता सोडवता बोलत राहिल्या, माझ्याकडे न बघता.

“म्हणाले. अजून पण म्हणते. पण काल तुम्ही दोघं टँकरची वाट बघत इथं उभे होतात, ते मी गच्चीवरून बघितलं. माझी आई गावात विहिरीपाशी अशीच उभी राहायची, घागर घेऊन. आमच्या हातानं शेंदायचं नाय. कुणीतरी येईल, वरून ओतेल, म्हणून थांबायचं. कधी कधी दिवस कलायचा. मी देव मानत नाय, तुमचा पण नाय. पण पाण्यासाठी कुणी ताटकळलेलं मला बघवत नाय.” मग थांबून म्हणाल्या, “एक आहे. झालं की पाणी सांडायचं नाय. वसाहतीला धुण्याला, भांड्याला वाटायचं.”

भिंतीवरून पाइप आला आणि टाकीत पाण्याची धार पडायला लागली. रत्नम तोंड फिरवून रडत होता. मी पाइपाचं टोक दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, कुणी काढून घेईल की काय अशी भीती वाटत असल्यासारखं. मोटार कोरडी घरघरायला लागली तेव्हा पाणी मांडीच्या जरा वर आलं होतं. पुरेसं नव्हतं. बाईंनी भिंतीपलीकडे कुणाला तरी हाक मारली आणि समोरच्या दोन घरांतून कळश्या आल्या. त्या बायांची नावंही मला ठाऊक नव्हती.

दुपारी मावशी आल्या, भाची आली, मंडळीतली दहा-बारा माणसं जमली. गाणं झालं. मी पाण्यात उतरलो आणि मावशींना हात देऊन आत घेतलं. पाणी कमी म्हणून त्यांना गुडघ्यांवर बसवलं. उजवा हात वर करून, त्यांचं पूर्ण नाव घेऊन मी प्रार्थना म्हटली. त्यांना मागे झुकवलं, पाणी तोंडावरून गेलं आणि मी त्यांना वर उचललं. साक्षीला रत्नम आणि मंडळीतले एक काका उभे होते. काकांनी नाही अशी मान हलवली. झग्याचा कोपरा हवा भरून वर राहिला होता. पुन्हा करावं लागणार. मावशींना धाप लागली होती, माझे हात गळून गेले होते. त्यांनी चेहऱ्यावरचं पाणी पुसलं आणि हसून माझं मनगट घट्ट धरलं. या वेळी मी झगा आधी नीट भिजवला, पुन्हा तेच शब्द म्हटले आणि त्यांना अगदी तळापर्यंत नेलं. वर आल्या तेव्हा काकांनी होकार दिला आणि त्यांचा हात डोळ्यांशी गेला. मावशी पाण्यातच बसून राहिल्या, डोळे मिटून, ओठ हलवत. कुणालाही त्यांना उठवावंसं वाटलं नाही.

साळवेबाई आत आल्या नाहीत, फाटकाबाहेर पायरीवर बसून होत्या. सगळं आटोपल्यावर बादल्या घेऊन बाया आल्या, आणि टाय काढून, बाह्या वर सारून आम्ही दोघं टाकीतलं पाणी उपसून देत राहिलो. कुणाच्या घरी त्या पाण्यानं चादरी धुतल्या, कुणी अंगण सारवलं. मी बाईंकडे गेलो, हात जोडले आणि म्हणालो, देव तुमचं भलं करो.

“ते तुमचं तुम्ही बघा,” त्या म्हणाल्या. “माझी निळी बादली तेवढी आणून द्या.”

मावशी ठरल्याप्रमाणे हैदराबादला गेल्या. ऑपरेशन लांबलं, नंतर त्रासही पुष्कळ झाला, पण त्या त्यातून बाहेर आल्या. आता मुलीकडेच असतात, मधूनमधून त्यांचा आवाज फोनवर येतो. त्यांचं बरं होणं मी त्या शनिवारच्या हिशेबात धरत नाही. ते देवाचं आणि डॉक्टरांचं. माझ्यापुरतं सांगायचं तर, लोकांना काहीतरी द्यायला म्हणून मी त्या शहरात गेलो होतो, आणि ज्या दिवशी देण्यासारखं हातात काहीच उरलं नाही त्या दिवशी मला घेता आलं. शरण जाणं म्हणजे काय, हे मी किती जणांना समजावून सांगितलं असेल. मला ते पाइपाचं टोक हातात धरून उभं असताना कळलं.

त्याला चमत्कार म्हणावं की शेजारधर्म, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. एवढं खरं की माझी सेवा संपून मी घरी परतलो, नोकरीला लागलो, तरी रोजच्या प्रार्थनेत आभार मानताना साळवेबाईंचं नाव येतंच. त्यांना ते आवडेल की नाही, ठाऊक नाही. बहुतेक रागावतील. पण घेतो.