लेक घराबाहेर निघाली

आमी बेने इस्राएल, म्हंजे ज्यू. धरणाच्या कामावर सुतार म्हणून माजलगावात आलो अन् इथंच राहिलो. मी शनिवारी रंधा हातात धरत न्हाई, एवढाच आमचा धर्म गावाला ठाऊक. कुणी कधी वाकडा शब्द काढला न्हाई. औंदा बायको गेली, तर कबर शेजाऱ्यांनी खांदली.

लेक परदेशात दिलेली. तिथं तिच्या दारावर कुणीतरी काळ्या रंगानं ज्यूंच्या नावानं शिवी लिहून ठेवली. तवापासून ती उंबऱ्याबाहेर पडंना. झोप न्हाई, लेकरांना शाळेत धाडीना. मी फोनवर म्हणलं, "भ्येतीस कावून? इथं आमाला कुणी बोट लावलं का?"

"तेच तर, बाबा. तुमच्या दारावर कुणी लिहिलं न्हाई. तुमाला काय कळणार? आई असती तर निदान ऐकून घेतलं असतं."

झोंबलं. पण खोटं न्हवतं. तिची आई कुणाला शहाणपण शिकवत नसे. भाजी निवडत समोर बसायची अन् बोलणाऱ्याला बोलू द्यायची. मला भाजी निवडता येत न्हाई. मी फोनचा स्पीकर लावून तो फळीवर ठेवला, रंधा घेतला अन् म्हणलं, "बोल तू."

शनिवार सोडला तर रोज तसंच. ती बोलायची, रडायची. मी नुसता हं करायचो. एकदा शेजारचा धनगर डोकावला. "मिस्त्री, फोनवर हाय का कुणी? का लाकडाशीच बोलता?"

"लेक हाय बे. गप बस."

तो खरंच गप बसला. फोनमधून लेक हसली, "काका, तुमी अन् गप? तब्येत बरी हाय ना?" लई दिवसांनी हसली.

पुढं ती मनाच्या डॉक्टरकडं जाऊ लागली. असल्याला मी येड्यांचा डॉक्टर म्हणायचो. आता म्हणत न्हाई. मग तिच्यासारख्याच दारं लावून बसलेल्या ज्यू बायांना तिनं फोन लावायला सुरुवात केली. त्या तिच्या घरी जमू लागल्या. कुणी शहाणपण सांगायचं न्हाई, एवढीच अट.

गेल्या शनिवारी त्या सगळ्या लेकरं घेऊन पायी सिनेगॉगला गेल्या.

"भ्या वाटलं का?" मी विचारलं.

"लई. एका म्हातारीचा हात धरला होता, तिनं माझी बोटं चेचली पार."

बाजारात भेटंल त्याला मी हे सांगत सुटलो. बायको असती तर म्हणली असती, "चालली ती, अन् तुमी कशाला फुगता?"

फुगणारच. लेक माझी हाय.