फोनवरचं एक ‘चालेल’

गुडघ्याचे डॉक्टर जन्मले सुताराच्या घरात. त्यांनी हाडांची शाखा निवडली तेव्हा बापाने विचारलं, “तिथे हत्यारं कुठली लागतात?” ड्रिल, हातोडी, करवत, स्क्रू, असं मुलाने सांगितलं. “म्हणजे इतकी वर्षं शिकून घरच्याच धंद्यात आलास की,” बाप म्हणाला आणि पोट धरून हसला. बायको भेटली तीही ऑपरेशन थिएटरमध्येच. ती भूलतज्ज्ञ. भूल दिली पेशंटला आणि पडली डॉक्टरांना, ही थट्टा लग्नाला तीस वर्षं झाली तरी चालूच होती.

खेळाडूंचे गुडघे हा डॉक्टरांचा हातखंडा. साध्या माणसाचा पाय दुखला तर तो आधी दुखणं सांगतो. खेळाडू आधी सामन्याची तारीख सांगतो. अशांची समजूत घालायला बोलघेवडा माणूस हवा, आणि डॉक्टर तर तोंडात मिठाची गुळणी धरलेले. काहीही विचारा, “चालेल” नाहीतर “नाही चालणार.” यांच्याकडे दोनच औषधं आहेत, असं नर्सेस म्हणायच्या.

त्यांच्याकडे एक मुलगी आली. तिहेरी उडी मारणारी, लांबच लांब तंगड्यांची. मैदानावर सगळे तिला नाकतोडा म्हणत. उडीवरून उतरताना गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटला होता. डॉक्टरांनी तिच्याच मांडीमागचा पट्टा काढून तिथे नवा लिगामेंट ओवला आणि बजावलं, नऊ महिने उडी नाही. तिसऱ्या आठवड्यात ती कुबड्या टाकून चालायला लागली. सहाव्या महिन्यात काही दुखेनासंच झालं, आणि हाच काळ फसवा असतो. वरून सगळं ठणठणीत वाटतं, पण आत नवा पट्टा हाडात पुरता रुजलेला नसतो.

नेमका तेव्हाच तिच्या प्रशिक्षकांचा, सरांचा, फोन आला. डॉक्टर ऑपरेशनसाठी हात धुऊन उभे होते. टेबलावर एक गाजलेला फुटबॉलपटू झोपवलेला. नर्सने फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या कानाशी धरला.

“डॉक्टर, रविवारी निवड चाचणी आहे. नाकतोडा चालेल ना?”

“चालेल,” डॉक्टर म्हणाले आणि टेबलाकडे वळले.

रविवारी दुसऱ्याच उडीला नवा लिगामेंट तुटला. या खेपेला गुडघ्यातल्या गादीच्याही चिंध्या झाल्या. डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन केलं, जीव ओतून केलं, पण उडी संपली ती संपलीच. मुलगी एकोणीस वर्षांची होती.

तिच्या आईने जाब विचारला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “मला वाटलं, ती पायावर चालू शकेल का असं सर विचारताहेत.” शब्द एक, अर्थ दोन, कोणाला शंका येणार? सरांनाही नाही आली. “माझंच विचारणं चुकलं,” ते खाली मान घालून म्हणाले. मैदानवाल्यांनी त्यांना घरी बसवलं, आणि मुलीने त्यांचं तोंड पाहायचं सोडलं.

बायको मात्र फोन आला तेव्हा भूल द्यायला पेशंटच्या उशाशीच बसलेली होती, आणि तिने दोघांचंही बोलणं ऐकलं होतं.

“तिसऱ्या आठवड्यापासून चालतेय ती,” जेवताना ती म्हणाली. “सहाव्या महिन्यात कोण विचारेल, चालेल का म्हणून? तुला कळलं होतं.”

“घाई होती.”

“मग तसं सांग त्या मुलीला आणि सरांना.”

“सांगतो,” डॉक्टर म्हणाले.

सांगतो सांगतो म्हणत दोन वर्षं गेली. हाडावर करवत चालवताना जो कधी कचरला नाही, तो माणूस एका वाक्यापुढे गळाठला. मुलगी दर महिन्याला व्यायाम तपासून घ्यायला यायची. “तुम्ही होतात म्हणून निदान उभी तरी आहे मी,” असं म्हणायची. तरी ते गप्पच. याला भित्रेपणा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मग सर वारले. एका पेशंटने जाता जाता ही बातमी सांगितली. आता त्या माणसाच्या नजरेला नजर द्यावी लागणार नाही, हा विचार डॉक्टरांच्या मनात सगळ्यात आधी आला, आणि त्यांना स्वतःचीच किळस वाटली. पुढच्या खेपेला मुलगी आली तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. सर काय विचारत होते ते मला कळलं होतं. ‘नाही चालणार’ म्हटलं तर समजूत घालत बसावं लागेल, म्हणून दोन वाक्यं बोलायचा कंटाळा केला. नंतर खोटं बोललो.

मुलगी तपासायच्या टेबलावर पाय लांब करून बसली होती.

“सर तीनदा घरी आले होते,” ती म्हणाली. “मी आतल्या खोलीत बसायचे. आईला म्हणायचे, सांग, नाहीये म्हणून.”

“चूक माझी आहे. तू तक्रार कर, चार शिव्या दे.”

“ते होते तेव्हा का नाही सांगितलंत?”

ती खाली उतरली आणि बूट घालायला वाकली, पण गुडघा दुमडेना. डॉक्टर सवयीने बूट धरायला पुढे झाले. तिने पाय मागे घेतला.

“आता त्यांना कोण सांगणार?” तिने विचारलं, आणि बूट हातात घेऊन ती तशीच अनवाणी बाहेर गेली.