मी दुरुस्त केलेला आवाज

पोस्टाने केलेल्या रेडिओ दुरुस्तीच्या कोर्सचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. दिवसा कचेरीत कारकुनी करायची आणि संध्याकाळी मांडवीतल्या लोकांचे रेडिओ नि टेपरेकॉर्डर उघडायचे. उघडलेले सगळेच परत मिटत असं नाही. दोन-तीन अजून माझ्या माळ्यावर आहेत आणि त्यांचे मालक भेटले की मी हवापाण्याविषयी बोलतो. शिवाय गुरुवारच्या भजनात पेटी माझ्याकडे. म्हणजे याला यंत्रातलं कळतं आणि गाण्यातलंही कळतं, असे दोन गैरसमज एकाच माणसाबद्दल. आणि दोन्ही त्याचे स्वतःचेच.

आमच्या शेजारचे काका जन्मभर बोटीवर होते, इंजिनखोलीत तेलवाले. उंचपुरा माणूस, पंजा वल्ह्याच्या पात्याएवढा, पण आवाज बारीक आणि चढा, पाठमोरं ऐकलं तर बाई बोलतेय असं वाटावं. लोक मागून त्यांना 'वयनी' म्हणत. लोक म्हणजे मीसुद्धा. भजनानंतरच्या चहाला मी त्यांची नक्कल करायचो आणि ती चांगली व्हायची.

काका चारचौघांत फार बोलत नसत. दोघांच्या वाट्याचं काकी बोलत. मात्र रोज ऊन उतरलं की काका पडवीत टेप लावून बसायचे. कॅसेट एकच. इंग्रजी गाणी, मागे पियानो, चाल इतकी संथ की दोन शब्दांच्या मधे माणसाने जेटीपर्यंत जाऊन यावं. शब्दही तालावर पडायचा नाही, जरा मागून यायचा. कुणीतरी मडमीण आहे आणि बिचारी बेताल आहे, असं मी कुंपणाच्या अलीकडे ठरवून टाकलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतही होतो.

एक दिवस तो टेप कॅसेट गिळायला लागला. काकी घेऊन आल्या.

"बघ रे, हे तुझ्या कोर्सात होतं काय? नसेल तर हात लावू नको."

होतं. रोलर स्पिरिटने पुसला, दहा मिनिटांत काम झालं. तिथेच थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो. चालतंय ना बघावं म्हणून काकांची कॅसेट लावली आणि तिच्या डबीवरचं चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. केस पिकलेला, लहानखुरा पुरुष, अंगात कोट, समोर माईक. बाई कुठेच नाही. टेपमधून मात्र तो उंच, किंचित चिरलेला आवाज येतोय.

कोर्समधला एक धडा मला तोंडपाठ होता. आवाज चढा येत असेल तर मोटर जास्त वेगाने फिरतेय. मोटरच्या पाठीला बारीक भोक असतं, आत इवलासा स्क्रू. तो फिरवला की वेग कमी-जास्त होतो. आधी दुसरी एखादी कॅसेट लावून बघावी, हे कुठल्याही माणसाला सुचलं असतं. मी स्क्रू फिरवत गेलो. आवाज पट्टीभर उतरला, मग आणखी उतरला, जाड झाला, आणि चित्रातल्या कोटाला शोभेसा झाला. गाणं आता प्रेतयात्रेलाही संथ वाटलं असतं. पण पुरुषाचा आवाज पुरुषासारखा आला, याचं मला कोण समाधान.

टेप मी स्वतः नेऊन दिला.

"काका, इतकी वर्षं तुम्ही बायकी आवाज ऐकत होतात. मशीनचा दोष होता. काढून टाकला."

काकांनी बटण दाबलं. दोन ओळी ऐकल्या, बंद केलं, टेप उचलून आत गेले. मला वाटलं, माणूस भारावला.

चौथ्या दिवशी काकी कुंपणाशी आल्या.

"मेल्या, काय करून ठेवलंस?"

"का? परत गिळतोय?"

"टेपाचं घेऊन काय बसलास. ह्यांचं विचारतेय. चार दिवस पडवीत बसले नाहीत. तोंडातून शब्द नाही. काल दुकानात साखरेला गेले ते चिठ्ठी घेऊन."

चिठ्ठीचं काही मला कळलं नाही. मग काकींनी आवाज खाली आणून सांगितलं, आणि त्यांचा आवाज खाली येऊ शकतो हेही मला त्या दिवशीच कळलं. तरुणपणी काका गावच्या नमनाच्या खेळात गौळण व्हायचे. गायला लागले की लोक डोक्यावर घ्यायचे. लुगडं उतरवून तोच आवाज घेऊन घरी निघाले की तेच लोक हसायचे. बोटीवर गेले ते तोंड मिटूनच.

"कुठल्याशा बंदरात त्या म्हाताऱ्याला ऐकलंनी आणि ही कॅसेट आणलीनी. नोकरी संपवून घरी आले तेव्हा वर्षभर दुकानदाराला चिठ्ठ्याच देत होते. रोज त्याच्याबरोबर गुणगुणून गुणगुणून कंठ मोकळा झाला. आणि तू येऊन सांगतोस, दोष होता, काढला."

मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघालो आणि अर्ध्या वाटेतून परत आलो. स्क्रू किती फिरवला याची खूण मी केली नव्हती. माझ्या भजनाच्या कॅसेटी लावून वेग जुळवावा, तर त्या याच्या-त्याच्या घरी, नाना मशीनवर भरून घेतलेल्या. त्यात बुवांचा खरा सूर कुठला, हे बुवांनाही सांगता आलं नसतं. त्या म्हाताऱ्याचा आवाज नेमका कुठे लागतो हे अख्ख्या मांडवीत एकाच माणसाला माहीत होतं.

पेटी खांद्यावर घेऊन मी काकांच्या पडवीत गेलो. ते आतून येऊन उभे राहिले.

"काका, पहिली ओळ म्हणून दाखवा. मी पेटीवर तो सूर धरतो आणि टेप त्याच्यावर आणतो. दुसरा इलाज नाही."

ते पेटीकडे बघत राहिले. मग मला राहवलं नाही.

"मी तुमची नक्कल करतो, ते तुमच्या कानावर असेलच."

"आहे," काका म्हणाले. चार दिवसांतला पहिला शब्द असावा. "चांगली करतोस. घाई करतोस फक्त."

ते खाली बसले आणि त्या गवयाचं सांगू लागले. बंदरातल्या एका हॉटेलात तो गायला उभा राहिला तेव्हा पहिल्या ओळीला लोक हसले. यांच्याबरोबरचे खलाशीही हसले. म्हाताऱ्याने हसू पुरतं संपू दिलं आणि मग दुसरा शब्द ठेवला.

"होडीतून उतरताना आपण लाट जाऊ देतो की नाही, मग पाय टाकतो? तसा शब्द टाकतो तो. तू म्हणतोस बेताल. कुंपणावरून ऐकू येतं मला."

मग काकांनी डोळे मिटले आणि ती ओळ म्हटली. इंग्रजी उच्चार मांडवीचे होते. आवाज बारीक, वर जाताना जरासा थरथरणारा; पण थरथरत का होईना, जिथे जायचं तिथे गेला. मी त्या आवाजाची नक्कल शंभरदा केली होती, ऐकला मात्र त्या दिवशी. पेटीवर सूर सापडायला मला तीन पट्ट्या चाचपाव्या लागल्या.

डाव्या हाताने भाता, कोपराने पट्टी दाबून धरलेली, उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर, असा मी बसलो. काका बोटाने सांगत होते: वर, अजून वर, आता जरा खाली. एकदा मी "जमलं" म्हणालो तर त्यांनी नुसतं पाहिलं. मी आणखी केसभर फिरवला. पियानो वाजला, त्या म्हाताऱ्याचा आवाज आला, आणि काका त्याच्याबरोबर गाऊ लागले. दोघंही सारखेच मागून येत होते, एकमेकांना वाट देत. मी पेटी बंद केली.

गाणं संपल्यावर काकी दारात आल्या.

"झाला काय दुरुस्त?"

"बिघडलेलाच नव्हता, काकी."

"मग चार दिवस आमचा जीव कशाला खाल्लास?" त्या म्हणाल्या. काका हसले, मोठ्याने, त्याच आवाजात, आणि पुढचं गाणं सुरू होतंय म्हणून त्यांनी आम्हा दोघांनाही गप्प बसायला सांगितलं.