उडालेलं टिंब

शीला मेंढपाळाच्या घरात वाढली, आयटीआय झाली आणि आठ वर्षांपासून पैठण गेटजवळ त्रिंबक मामांच्या दुकानात दवाखान्यांची यंत्रं दुरुस्त करत होती. मामांनी तिचं काम कधी पुन्हा तपासून पाहिलं नव्हतं.

त्या सकाळी तिच्यापुढं एका यंत्राच्या सर्किटचा नवा नकाशा आला. करंटला अडवणाऱ्या एका बारक्या रेझिस्टरशेजारी लिहिलेलं होतं, 4R7.

"मामा, हा आर मधेच कशाला? आपल्या जुन्या नकाशांत नसतो."

"टिंबाच्या जागी. झेरॉक्समधी टिंब उडतं, अक्षर उडत नाय. हे चार पॉइंट सात ओहम. तिथं के असता तर चार हजार सातशे."

शीलाच्या हातातला सोल्डर तसाच राहिला. परवा वैजापूरला पाठवलेलं बाळ ऊबेत ठेवायचं यंत्र! त्याचा रेझिस्टर जळालेला होता. पिवळा म्हणजे चार, जांभळा म्हणजे सात, एवढेच पट्टे दिसत होते; किती पट ते सांगणाऱ्या तिसऱ्याचा कोळसा. झेरॉक्सवर वाचलं सत्तेचाळीस, तेच तिनं बसवलं. पाच मिनिटं गरम झालं म्हणून देऊनही टाकलं. तिनं तो कागद शोधून उजेडात धरला. चार आणि सातमध्ये जागा जरा जास्तच होती.

करंट मोजणारा रेझिस्टरच दहापट, म्हणजे यंत्राला वाटणार करंट फार झाला, अन् ते मधेच ऊब तोडणार.

तिनं वैजापूरच्या दवाखान्यातल्या सुलेखा सिस्टरला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"सिस्टर, मशीनमधी बाळ हाय का?"

"हाय की. जुळ्यातलं धाकटं."

"आधी उचला. आईच्या छातीशी धरा. मशीन मधेच थंड पडतंय."

"थांबा." पावलं वाजली. मग सिस्टरचा आवाज बदलला. "पाय गार हायेत हो! तुम्हीच ठीक म्हणून दिलं ना?"

"चुकलं माझं. मी निघाले."

एसटीत तिला बसवेना. दर थांब्याला ती फोन करायची. वाटेत लासूरला कळलं, बाळ आईला बिलगलंय, पाय कोमट झालेत.

वैजापूरला तिनं रेझिस्टर बदलला आणि थर्मामीटर घेऊन दोन तास यंत्रापुढं बसली. काटा ठरलेल्या ऊबेवरून हलला नाही.

"आता ठेवू का?" बाळाच्या आईनं विचारलं.

"अजून अर्धा तास थांबा, ताई," शीला म्हणाली.

सुलेखा सिस्टरनं तिच्यापुढं चहा ठेवला. अर्ध्या तासानं बाळ आत गेलं. शीलानं काचेवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. शेवटची गाडी सुटायच्या आत सिस्टरनंच तिला दारापर्यंत नेलं.