सातव्या उंदराची आठवण

हरिश्चंद्रने बावीस वर्षे चिरेखाणीत काढली. कंबर गेली तेव्हा रत्नागिरीतल्या एका औषधशास्त्राच्या कॉलेजात, उंदरांच्या खोलीवर रोजंदारीला लागला. हात तोच राहिला. चिऱ्याची कड वाकडी गेली तर तो चिरा टाकून द्यायचा; इथे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात घाण दिसली तर अख्खा पिंजरा पुन्हा धुवायचा.

दमयंती मॅडमांच्या संशोधनाला बारा पांढरे उंदीर होते. पेटीच्या तळाला सळ्या, मधोमध छोटी फळी. उंदीर फळीवर ठेवायचा. तो खाली उतरला की सळ्यांतून पायांना झटका. एवढा एक झटका पुरे. दुसऱ्या दिवशी तो फळी सोडत नाही. पण त्या झटक्यानंतर दहा सेकंदांत कानांना मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या क्लिपा लावून डोक्यातून वीज सोडली, तर तो ताठ होतो, मागचे पाय ताणतो, थडथडतो. आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही असा खाली उतरतो.

क्लिपा हरिश्चंद्र लावायचा. उंदीर विसरतात हे बरंच, असं त्याला वाटायचं. तेवढ्यावर त्याच्या घशाखाली घास उतरत होता.

यंदा त्याचं नाव कायम करायच्या यादीत होतं. मॅडमांचं शिफारशीचं पत्र तेवढं राहिलं होतं.

परीक्षेच्या दिवशी अकरा उंदीर खाली उतरले. सातवा उतरला नाही. फळीची कड धरून तीन मिनिटं कापत बसला.

"याची क्लिप ढिली लागली," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम."

"मग हा विसरला का नाही?"

हरिश्चंद्रने क्लिप उचलून दाबून पाहिली.

"एकच काम आहे तुमच्याकडे. पत्राचं मला परत बघावं लागेल."

दुपारी विठू शिपाई डबा घेऊन शेजारी बसला. "काय रे हरी, एका उंदराने तुला नापास केलंन म्हणे?"

"क्लिप ढिली नव्हती."

"मग काय उंदीर खोटं बोलला?"

हरिश्चंद्रने डबा तसाच झाकला. त्याला सकाळ आठवली.

झटक्याच्या यंत्रावरचा मीटर गणपतीपासून बंद होता. वीज येते का ते पाहायला तो रोज सकाळी हाताला लागेल तो उंदीर त्याच यंत्राला जोडलेल्या, कोपऱ्यातल्या जुन्या पत्र्याच्या पेटीत सोडायचा आणि बटण दाबायचा. उंदीर किंचाळून उडाला की वीज आहे. त्या सकाळी हाताला सातवा लागला होता.

तो तडक मॅडमांकडे गेला. "क्लिप ढिली नव्हती. तो विसरला होता. सकाळी मी वीज बघायला त्याला झटका दिला, तेव्हा त्याला आठवलं."

मॅडमांनी कामातून मान वर केली. "याच पेटीत?"

"जुन्या. तिच्यात फळी नाही."

"एकच झटका?"

"एकच."

"म्हणजे आठवण गेली नव्हती. आत होती, सापडत नव्हती." त्या पहिल्यांदा हसल्या. "पत्र उद्या देते. उद्या सकाळी उरलेल्या अकरांनाही त्या जुन्या पेटीत एकेक झटका द्या. तुम्हीच द्या. हात बदलायला नको."

हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तो खोलीत परतला. अकरा जण भुशात गाढ झोपले होते.

सकाळी त्याने काम चोख केलं. प्रत्येकाला एकेक झटका, ना कमी ना जास्त. मग फळीवर ठेवलं. अकरातले नऊ जण उतरले नाहीत. उचलायला गेला तर नखं लाकडातून सुटेनात. मॅडम भराभर लिहीत होत्या.

संध्याकाळी तपासणीसाठी मेंदू काढायचे होते. मानाही त्यानेच मोडल्या, बाराही जणांच्या.

"झालास का कायम?" विठूने विचारलं.

"झालो."

मग तो फळी घासायला बसला. नखांचे ओरखडे निघेनात. त्याने रंधा मागवला आणि फळी गुळगुळीत केली. सोमवारी नवे बारा यायचे होते.